पडती सुरी

बसव्वाला वीस वर्षांची खोड होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात हातातून सुताची कांडी निसटली, की ती जमिनीला टेकायच्या आत झेलायची. कांडी पडली तर सूत तेलात माखतं आणि जॉबर, म्हणजे मुकादम, सगळ्यांदेखत बोलतो. बसव्वाची कांडी कधी पडली नव्हती.

त्र्याहत्तर साली ही खोड तिला नडली. तिचा नवरा ईरप्पा जत्रांतून फळ्यापुढे माणूस उभा करून त्याच्या कडेकडेने सुऱ्या फेकायचा. त्या वर्षी त्याचा उजवा खांदा गेला, हात डोक्याच्या वर जाईना. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला घरातलं कुणी फेकायला उभं राहिलं नाही, तर तंबूतली जागा दुसऱ्याला जाणार होती. बसव्वा म्हणाली, मी शिकते.

ईरप्पाने परसात फळा केला. मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यात लिंबाच्या ओंडक्याचे आडवे काप ठासून बसवले. साध्या फळीवरून सुरी उसळून माघारी येते, कापात रुतते. मागे मातीची भिंत. सगळ्या सुऱ्या फेकून झाल्याशिवाय फळ्याकडे जायचं नाही. शेजारची पार्वतम्मा कुंपणाशी आली, की हात खाली.

एवढं बसव्वा महिन्यात शिकली. पाच पावलांवरून सुरी टोकाने लागू लागली. एकच जमेना. सुरी निसटली, की डावा हात आपसूक तिच्यामागे जायचा. एकदा तळवा चिरला. आठ दिवस चिंधी बांधून तिने सुताच्या गाठी मारल्या.

"बिडु!" ईरप्पा कानडीत ओरडायचा. सोड! "पाय मागं घे, पडू दे तिला. अंडं हाय का ते?"

"हात ऐकत न्हाय, अवो."

"मग मी फळ्यापुढं उभा ऱ्हात न्हाय. पडल्यालं धरणारा हात ऐन वक्ताला सुरी सोडत न्हाय. मला दोन्ही कान पायजेत."

कुंपणापलीकडून पार्वतम्मा म्हणाली, "एक गेला तर काय बिघडलं? तसं बी बायकोचं कुटं ऐकतासा?"

गड्डा पंधरा दिवसांवर आला. गिरणीची पाळी सुटली की भाकरीआधी चाळीस फेकी. मग ईरप्पा तिच्या हातात लाकडाचं दांडकं द्यायचा आणि ते सोडून पाय मागे घ्यायला लावायचा. वीस वेळा. पोटऱ्या भरून यायच्या.

एका मंगळवारी गिरणीत कांडी निसटली. बसव्वाचा पाय मागे गेला. हात जागेवरच राहिला. कांडी फरशीवर आपटली, तेलातून गडगडत गेली.

"बसव्वा, झोप लागली व्हय?" जॉबर ओरडला.

तिने वाकून कांडी उचलली. सूत काळं झालं होतं.

घरी येऊन तिने हे सांगितलं. ईरप्पाने तांब्या खाली ठेवला, परसात गेला आणि फळ्याला पाठ लावून उभा राहिला. पहिल्यांदाच.

"फेक."

बसव्वाने सुरी उचलली. दिवसभर ती गिरणीत आठ तास उभी राहिली होती. सुरीचं टोक नखभर हलत होतं. ईरप्पालाही ते दिसलं असणार, पण तो हलला नाही.

तिने सुरी खाली ठेवली. "आज न्हाय. हात दमलाय. सुट्टीदिवशी सकाळी."

ईरप्पा फळ्यापासून बाजूला झाला.

"सोडाय शिकलीस. मग गड्ड्याला गिरणीत रजा टाक," तो म्हणाला. "तंबूवाल्याला उद्या सांगतो, बसव्वा यील म्हणून."

मग बादली घेऊन, डाव्या हाताने, तो फळ्यावर पाणी मारू लागला. लाकूड वाळलं की तडकतं.