दुसऱ्यांचा धूर

परवा काचीगुड्याच्या इराणी हॉटेलात चहा प्यायले. भिंतीवर धूम्रपानबंदीची पाटी, हवा अगदी स्वच्छ; आणि मला मेलं चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी बाबा मला इथेच आणत. सिगारेट सोडल्याची शपथ त्यांनी आईसमोर घेतलेली. पण इथे टेबलाटेबलावरून निळसर धूर उठे, त्यात त्यांचाही बेमालूम मिसळून जाई. मी चहात उस्मानिया बिस्किट बुडवत बसे.

एका रविवारी घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढला आणि आईने तो नाकाशी धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“हॉटेलात सगळेच ओढतात, आई,” मी म्हणाले.

“हौ, तुझे बाबा सोडून सगळे!” असं म्हणत तिने शर्ट बादलीत टाकला. पण तिला हसू लपवता आलं नाही.

पुढे बंदी आली, तशी ती सबब गेली. मग बाबाही गेले.

परवा घरी पोचले, तर आईने विचारलं, “इराण्याकडे गेली होतीस?” माझी ओढणी नाकाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली.

“नुसता चहाचाच वास येतोय गं,” ती म्हणाली.