पाय थांबू नयेत म्हणून

देवावर रागावण्याचा अधिकार भक्ताला असतो की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी ग्वाल्हेरबाहेरच्या उघड्या टेकडीवर मी त्याच्यावर मनापासून रागावले होते. महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर पॅराग्लायडिंग शिकण्याची इच्छा मी मोठ्या धीराने बोलून दाखवली, तेव्हा शहरातल्या दौलतगंज भागातल्या आमच्या घरी सगळे हसले होते. उलट उत्तर देणे मला कधी जमलेच नाही.

शिकवण्यासाठीच बनवलेला तो दोन आसनांचा पंख होता. पुढे शिकणारा, मागे प्रशिक्षक, आणि पंख वळवण्याच्या ब्रेकच्या मुठी दोघांनाही धरता येतील अशा. परंतु प्रशिक्षकांनी मला त्या मुठींना हात लावू दिला नाही. "माताजी, आप तो सवारी हैं," ते हसून म्हणाले. सवारी, म्हणजे नुसती बसून जाणारी प्रवासी; मी तर विद्यार्थिनी म्हणून आले होते. संतापाने कान तापले, तरी मी निमूट पट्टे बांधून घेतले.

जमीन सुटेपर्यंत दोघांनी उतारावरून धावत राहायचे असते. पंख डोक्यावर आला आणि मी सवयीने कुलस्वामीचे नाव घेऊन डोळे मिटले. आमच्या घरी आरतीनंतर डोळे मिटले की निश्चल उभे राहतात. मीही तशीच उभी राहिले. पंख बाजूला कोसळला. दुसऱ्यांदाही तेच झाले. आता आपण घरी जावे, असे सुचवून प्रशिक्षक माझे पट्टे सोडू लागले. मला त्यांच्याहून देवाचा राग आला. ज्याचे नाव घेतले, त्यानेच माझे पाय धरून ठेवावेत?

तेवढ्यात एक अनोळखी बाई उठून आली. शिकणाऱ्यांच्या दुसऱ्या तुकडीतली असावी. आणखी एक संधी द्या, मी यांच्याबरोबर धावते, असे तिने प्रशिक्षकांना सांगितले. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "दीदी, नाम दौड़ते-दौड़ते लीजिए. उन्हें कौन-सा बुरा लगेगा?"

प्रशिक्षकांनी नाइलाजाने पट्टे पुन्हा तपासले. तिने माझा बाजूचा पट्टा धरला आणि आम्ही धावलो. डोळे उघडे, प्रत्येक पावलाला नाव. तिचा हात केव्हा सुटला, मला कळले नाही. मी हवेतही पाय मारत होते.

"अब रुक जाइए, मैडम. ज़मीन छूट गई," मागून प्रशिक्षक म्हणाले.

"तो ब्रेक मुझे दीजिए," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी वर्गातही कधी बोलले नव्हते. "मैं सीखने आई हूँ."

मागून त्यांचे हात पुढे आले. मग मुठी माझ्या हातांत आल्या.

उतरल्यावर तिचे आभार मानायला गेले, तर ती निघून गेली होती; दोन्ही तुकड्यांत तिला कोणी ओळखत नव्हते. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही, जरी निष्कर्ष काढणे हाच माझा विषय होता. शरण जाणे म्हणजे थांबणे, असे मी इतकी वर्षे मानत आले. देवाने मला धावायला लावून मगच उचलले. 'सवारी' या शब्दाचा राग मात्र अजून गेलेला नाही. तोही त्याच्या पायांशी ठेवते, आणि रविवारी पुन्हा टेकडी चढते.