तिसरा पंप

बुलडोझरचा दुसरा डिझेल पंपही जाम झाला, तेव्हा दिरानं तिसरा आणून वहिनीपुढे आदळला. घरातली मिस्त्री तीच.

"बसवा पटकन. उगाच डोकं खाऊ नका."

"पंपाचा दोष नाही, भाऊजी. आधी टाकी रिकामी करा."

"मशीन माझं आहे."

"हात माझे आहेत," म्हणत तिनं नवा पंप मांडीवर घेतला आणि मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर ठाण मांडलं.

दीर तणतणला, मग चरफडत त्यानं टाकी उपसली. डिझेलबरोबर सुतांचा गुंता बाहेर आला. झाकण हरवल्यावर टाकीच्या तोंडात त्यानंच कोंबलेल्या फडक्याची सुतं होती ती.

"आता तरी बसवा पंप," त्यानं तिच्या मांडीकडे बोट केलं.

वहिनी जागची हलली नाही.

"आधी झाकण आणा."