पांढऱ्या पट्ट्याचं रोप

नर्सरीच्या जाळीखाली आम्ही बाया अननसाची रोपं निवडतो. बाटलीत वाढवून मग मातीत लावलेली, सगळी एकाच झाडाच्या तुकड्यांपासून केलेली, म्हणून सगळी सारखीच पाहिजेत. आज एकाच्या पानावर पांढरा पट्टा निघाला.

"उपट गं, असलं रोप गिऱ्हाईक घेत नाही," शेजारची शांताक्का म्हणाली.

मला ते उपटवेना. माझ्या तान्हीच्या कपाळावर असाच पांढरा डाग आहे. उद्या तिचं लांबलेलं बारसं, आणि सासूबाईंनी बजावलंय, टोपडं काढायचं नाही, लोक बघतील. जन्मभर टोपडं कसं ठेवू मी? रोपाला तर काहीच झालेलं नव्हतं, चांगलं तरारलं होतं.

"अगं, बघत काय बसलीस?"

मी उपटलं. त्यानं मुळांत मूठभर माती घट्ट धरली होती, झटकली तरी सोडेना.