भावसिंगची सिगडी

राजूरजवळच्या तांड्यात दगडी कोळशाची सिगडी पहिल्यांदा पेटली ती भावसिंगच्या घरात, एकोणीसशे एकसष्टच्या हिवाळ्यात. खाणीबाहेर बिनकामाचा म्हणून टाकलेला तपकिरी, मातकट कोळसा तो बंडी भरभरून फुकट आणायचा. धूर मरणाचा, वास सडक्या अंड्यांचा, आणि राख तर विस्तवाहून जास्त. भावसिंगच्या मते हा सगळा सवयीचा प्रश्न होता. सरपणासाठी जंगलाच्या शिपायाच्या पाया पडणं सुटलं, हे तो ज्याला त्याला अडवून सांगे. हे तो अंगणात बसून सांगे. आत रांधायला बायको सुखीबाई आणि लेक जमनी होत्या.

पुढच्या हिवाळ्यात मारेगावकडचा हिरासिंग दोन भावांना घेऊन आपल्या पोरासाठी जमनीला पाहायला आला. सोयरीक मनासारखी होती, गूळ वाटायचा तेवढा बाकी होता. जमनीने पाणी आणलं आणि तिला खोकल्याची ढास लागली ती थांबेचना. हिरासिंगने तांब्याला हात लावला नाही.

"पोरीले क्षय तं नाही?"

"नाही."

"मंग खोकते काहून?"

भावसिंगची चांगलीच पंचाईत झाली. सिगडीचं नाव घ्यावं तर वर्षभर मिरवलेली अक्कल मातीत, न घ्यावं तर सोयरीक गेली. पण लेकीवर त्याचा फार जीव होता. तो उठला, तिघा पाहुण्यांना मानाने आत सिगडीपाशी बसवलं आणि दार लावून घेतलं. आधी हिरासिंग खोकला, मग भाऊ, मग खुद्द भावसिंग.

"हिरासिंगभाऊ," डोळे पुसत तो म्हणाला, "तुमाले कवापासून क्षय हाय?"

हिरासिंगने बाहेर येऊन गूळ खाल्ला. पोर द्या, सिगडी देऊ नका, एवढीच अट घातली.

लग्नानंतर दिवाळीला जमनी माहेरी आली. गाल भरले होते, खोकला पार गेला होता. भावसिंग कौतुकाने तिच्याकडे पाहत होता, तेवढ्यात आतून सुखीबाईची तीच ढास ऐकू आली.

"तुही याडी कवापासून खोकते?" त्याने विचारलं.

"माह्या खोकल्याच्या आंधीपासून, बा. तिले पाहाले कोनी आलं नाही, म्हून तुले समजलं नाही."

भावसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आत गेला आणि उद्यापासून कोळसा आणत नाही म्हणून सुखीबाईला सांगितलं.

"मंग जाळू काय?" ती म्हणाली, आणि सिगडीत फुंकर घातली.