कडू लागतं का?

आमच्या शेलूबाजारात गोड बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण जगाला कडू पाजून लळा लावणारा माणूस एकच: माझ्या वडिलांचे दोस्त, जडीबुटीवाले चाचा. त्यांच्या दुकानात बूड टेकलं की भुईनिंबाच्या काढ्याचा पेला हातात आलाच समजा. मग तुम्हाला ताप असो, खोकला असो, की माझ्यासारखे तुम्ही फुकटचा पेपर वाचायला आलेले असा. मी पन्नाशीचा, लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप, पण तो पेला पाहिला की रस्त्यावरच्या चालत्या जीपला लटकून पळून जावंसं वाटे. शेजारचा पानवाला तर चाचांच्या गिऱ्हाइकांवरच जगायचा. इथून सुटलेला माणूस थेट त्याच्याकडे गुलकंद मागायचा.

माझी लेक फार्मसी शिकते. भुईनिंबातल्या कडू द्रव्यावर प्रयोगशाळांत अभ्यास चालू आहे, पण काचेच्या नळीत जमलं ते माणसात जमेलच असं नाही, हे तिनं चाचांना समजावलं. त्यांनी अर्धंच ऐकलं. साप चावलेल्याला आपल्याकडे कडुनिंबाचा पाला चघळायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही असं समजतात. चाचांनी ती कसोटी साऱ्याच दुखण्यांना लावून टाकली होती. "जिभेले कडू लागून राह्यलं ना, मंग मानूस मरत नाही," असं ते छातीठोक सांगत.

गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला रेडिएशनचे शेक घेऊन परतले तेव्हा आवाज अर्धा उरला होता आणि तोंडाची चव पार गेली होती. असं होईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, पण चाचांनी दोष झाडाला दिला. इकडचा भुईनिंब बिघडला म्हणून मेडशीहून मागवला, मग धनजहून. निंबाचा पाला झाला, कच्ची कारली झाली. येईल त्याला पाजणं मात्र बंद पडलं. नुसते बसून राहत.

परवा मी गेलो तर त्यांनी पेला पुढे केला.

"तू सांग बेटा. कडू हाय का?"

जन्मभर त्या पेल्यापुढे तोंड वाकडं केलेला मी, त्या दिवशी पाणी प्यावं तसा एका दमात प्यालो.

"नाही चाचा. पहिलेवानी नाही राह्यला."

ते माझ्या तोंडाजवळ झुकले.

"मंग डोयात पानी काहून आलं तुह्या?"

त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि पालथा घातला. "म्हंजे झाड चांगलं हाय," ते म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी पानवाल्याला हाक मारून माझ्यासाठी गुलकंद मागवला.

मी तो कागदात बांधून घेतला. घरी पोचेपर्यंत तोंड कडूच राहू दिलं.