अस्वलासाठी साबुदाणा, छोले की बटाटा?

आमच्या मेसईदच्या कॉलनीत किस्से एसीच्या फिल्टरमधल्या धुळीसारखे साठतात. आज साफ करा, उद्या परत तेवढेच! पण अस्वलाचे किस्से म्हणजे कहर. कतारमध्ये अस्वल! इथे उंट सोडला तर मोठं जनावर म्हणजे आमचे पवार काका.

झालं असं, की माझा दोस्त ओंकार लिमये, त्याच्या बाबांना कॅनडातून नोकरीची ऑफर आली. गाव कसलं, जंगलच ते. लिमये काका गॅस प्लँटमध्ये सेफ्टी ऑफिसर. खूश! पण काकूंनी कुठूनतरी वाचलं, की तिथे काळी अस्वलं कचऱ्याच्या डब्यापर्यंत येतात.

"अस्वलाचं काय करणार ते आधी सांगा, मग मी बॅग भरते," काकू म्हणाल्या.

उत्तर रविवारपर्यंत कळवायचं होतं. हातात दहा दिवस.

आता माझं ऐका. मी सोहेल. दहावीत एकदा आपटलोय, दुसऱ्यांदाची तयारी चालू आहे असं घरी सांगतो. कॉलनीत माझ्याशी बोलायची परवानगी असलेला एकच मुलगा म्हणजे ओंकार. तो गेला तर मी बॉल टाकणार कुणाला? भिंतीला? म्हणून मी ठरवलं, अस्वल आपल्या बाजूने! काकू घाबरल्या पाहिजेत!

*

पहिली मीटिंग लिमयांच्या हॉलमध्ये. लिमये काका, पवार काका आणि माझे अब्बा. पवार काका आर्मीतून रिटायर होऊन इथे सिक्युरिटीत लागलेले. अब्बा स्कॅफोल्डिंगचे फोरमन, रत्नागिरीचे. लहानपणी मामाबरोबर डुकराच्या मागे रान तुडवलंय, म्हणून तेही एक्स्पर्ट. अस्वल तिघांपैकी एकानेही पाहिलेलं नाही!

पवार काका म्हणाले, "रायफल! पण गोळी हरणाची नको. ती आत शिरल्या शिरल्या फुलते. अस्वलाला चरबी, त्याच्या खाली खांद्याचं हे एवढं हाड. जड गोळी पाहिजे, फुटून तुकडे न होणारी, आतपर्यंत जाणारी."

अब्बा म्हणाले, "अहो, अंगणात अस्वल आलं तर नेम धरत बसणार काय? बारा बोअरची बंदूक बरी."

"पण काडतूस कुठलं?" लिमये काका वही घेऊन तयार.

अब्बा उठले, थेट काकूंच्या किचनमध्ये. येताना तीन वाट्या घेऊन आले. टेबलावर ओतल्या. "हा साबुदाणा. बारीक छर्रा, पक्ष्यांसाठी. अस्वलाला ह्याने गुदगुल्या होतील, वर राग येईल. हे छोले, मोठा छर्रा. जवळून ठीक. पण प्रत्येक दाणा हलका, खोल जाईलच असं नाही. आणि हा बटाटा! एका काडतुसात एकच शिशाचा गोळा. ह्याला म्हणायचं स्लग. खलास!"

छोले गडगडत सोफ्याखाली गेले. काकू दारात उभ्या.

"माझा उद्याचा उपास आणि परवाची पार्टी, दोन्ही मारलंत," त्या म्हणाल्या. "अस्वलाचं अजून काहीच झालेलं नाही!"

*

लिमये काका प्लँटवर चहासुद्धा रिस्क असेसमेंट केल्याशिवाय पीत नाहीत. त्यांनी अस्वलाचा फॉर्म बनवला! धोका: अस्वल. शक्यता: कमी. परिणाम: फार वाईट. उपाय: बटाटा. हो, फॉर्मवर खरंच 'बटाटा' लिहिलेलं. तेव्हापासून स्लगला सगळे बटाटाच म्हणायला लागले.

खाली चौकटी: काम सुरू करण्यापूर्वी परवाना घेतला का? संबंधितांना कळवलं का? संबंधितांच्या सह्या?

अब्बांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "लिमये, अस्वलाची सही कुठे घ्यायची?"

*

मग आम्ही सगळे अल रय्यानला गेलो. तिथे एक दुकान आहे, तंबू, दुर्बिणी, शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या टोप्या, असलं सगळं. काउंटरवर एक म्हातारे कतारी बाबा. जगभर फिरून शिकार केलेला माणूस. घ्यायचं काही नव्हतं, नुसता सल्ला. लिमये काकांनी इंग्लिशमध्ये विचारलं, काळ्या अस्वलासाठी कुठलं काडतूस चांगलं?

बाबांनी आधी काकांकडे पाहिलं, मग पवार काकांच्या पोटाकडे, मग बाहेर पार्किंगमध्ये. "अस्वल गाडीत आहे?"

कॅनडाची भानगड सांगितल्यावर ते हसले. गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पाजली. म्हणाले, "स्लग चांगला. जड गोळीची रायफल पण चांगली. पण तू सांग हबीबी, आयुष्यात किती वेळा बंदूक चालवलीस?"

"झिरो."

"मग आधी मिरचीचा स्प्रे घे, आणि कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. बंदूक शिकून झाल्यावर. घाबरलेल्या माणसाच्या हातातलं काडतूस कुठलंही असो, ते जातं आकाशात."

पुरुषमंडळींनी ह्यातलं फक्त 'स्लग चांगला' एवढंच ऐकलं. काकू मात्र मोबाइलवर काहीतरी टाइप करत होत्या. मला वाटलं, बहिणीशी चॅट करतायत. इथेच माझं चुकलं!

*

मी पण गप्प बसलो नव्हतो. एका सकाळी धुळीचं वादळ येऊन गेलेलं, सगळ्या गाड्या पिठात घोळवल्यासारख्या. मी घरून जेवणाचा काटा आणला आणि लिमयांच्या बॉनेटवरच्या धुळीत खर्रर्रकन पंजे ओढले. एक इकडे, एक तिकडे. काय दिसत होते यार! मला स्वतःलाच भीती वाटली.

काकू खाली आल्या. थांबल्या. वाकून पाहिलं. मी कचराकुंडीमागे श्वास रोखून.

"सोहेल बाळा," काकू न वळताच म्हणाल्या, "अस्वलाच्या पंजाला पाच नखं असतात. तुझ्या काट्याला चारच आहेत."

*

शेवटचा शुक्रवार. रविवारी उत्तर द्यायचं. लिमये काकांनी जाहीर केलं, मॉक ड्रिल! दुपारी चारला, मेसईदच्या पुढे वाळूत, जिथे लोक तंबू लावतात.

काकांनी पुठ्ठ्याचं अस्वल कापून वाळूत रोवलं. बंदूक म्हणजे प्लंबिंगचा पाइप, काडतुसं म्हणजे पेन्सिल सेल. काका भरणार, पवार काका स्टॉपवॉच धरणार, अब्बा चुका काढणार. तंबूवर झेंडा फडफडत होता. काकू चटईवर थर्मास घेऊन. ओंकार व्हिडिओला.

मी म्हटलं, "पोटात दुखतंय, गाडीत पडतो." डिकीत काय होतं माहितीये? अम्मीची काळी, केसाळ मिंकची चादर! गावी न्यायला घेतलेली, दोन माणसं झोपतील एवढी जड. ती डोक्यावरून घेतली, वाळूच्या टेकडीला वळसा घालून मागच्या बाजूने गेलो, आणि चार पायांवर, अशी डरकाळी फोडली, अशी फोडली, की घसा दोन दिवस बसला!

लिमये काका ओरडले, "अलार्म!"

आणि मग जे झालं ते फक्त गॅस प्लँटवालेच करू शकतात. पाइप पडला वाळूत. तिघांनी आधी मान वर करून झेंडा पाहिला. वारा कुठून कुठे? गॅस सुटला की वाऱ्याला आडवं पळायचं, वर्षानुवर्षं हाडात मुरलेलं! तिघे आडवे पळाले. ओंकार पण, घरातच ट्रेनिंग झालेलं ना! तिथल्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन चौघे एका ओळीत उभे राहिले, आणि लिमये काकांनी हेडकाउंट सुरू केला.

"एक, दोन, तीन, चार... पाच पाहिजेत! सोहेल गाडीत आहे. पाचवं कोण?"

पाचव्या काकू. जागच्या हलल्याच नव्हत्या.

उठून उभ्या राहिल्या. ओढणी दोन्ही हातांनी पंखासारखी पसरली, छाती काढली आणि माझ्याकडे एकेक पाऊल टाकत ओरडल्या, "ए! हट्! चल! निघ इथून!" मी आयुष्यात एवढ्या मोठ्या काकू पाहिल्या नव्हत्या. मागे सरकायला गेलो तर चादर गुडघ्यात अडकली.

"काळ्या अस्वलापुढे पळायचं नसतं," काकू येता येता मोठ्याने पाठ म्हणत होत्या. "मेल्याचं सोंग पण नाही! मोठं व्हायचं, ओरडायचं, आणि तरी अंगावर आलंच, तर नाकावर!"

फाट्! चप्पल बरोब्बर नाकावर!

मग त्यांनी चादरीत हात घालून माझा पंजा बाहेर काढला. उलटा केला. एकेक बोट मोजलं.

"पाच. हं, आता बरोबर."

कान धरून, चादरीसकट, मला फरफटत टाकीपाशी नेलं. ओळ अजून तशीच उभी. अब्बा तर अटेन्शनमध्ये. ओंकार माझ्याकडे बघत होता, मी ओंकारकडे.

"मोजा आता," काकू लिमये काकांना म्हणाल्या. "आणि रविवारी हो कळवा."

"आणि काडतूस?" काका कसेबसे म्हणाले.

"बटाटा. पण बंदूक माझ्याकडे राहील!"